नळीतले ओरखडे

वकिलाने अहवाल कट्ट्यावर ठेवला आणि जाळीपलीकडच्या पोराकडे बघायचं टाळलं. "प्रयोगशाळेने हात वर केलेत," तो म्हणाला. "नेत्याच्या अंगातून काढलेली गोळी तुझ्या पिस्तुलातून सुटली की नाही, सांगता येत नाही म्हणतात."

वकिलाशेजारी उभ्या बापाचा जीव भांड्यात पडला. तो जन्मभर पोलिसांच्या शस्त्रागारात मिस्त्री होता. सुटणाऱ्या गोळीवर नळी आपले ओरखडे उमटवते आणि एका नळीचे ओरखडे दुसरीशी जुळत नाहीत, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. भर सभेत नेता पडला, त्या संध्याकाळी त्याचा अंगरक्षक, म्हणजे हाच पोरगा, घरी आला. गोंधळात पिस्तूल कुणी जमा करून घेतलं नव्हतं. आत एक गोळी कमी होती. त्याच आठवड्यात जेवताना पोराने नेत्याला शिव्यांची लाखोली वाहिली होती. बापाने एका शब्दाने विचारलं नाही. पोरगा अंघोळीला गेला तेवढ्यात त्याने पिस्तूल खोललं, लोखंड घासायची पेस्ट लावून नळीत गज फिरवला आणि जुन्या ओरखड्यांचा मागमूस ठेवला नाही. इतकं सुबक काम त्याने नोकरीतसुद्धा केलं नव्हतं.

"म्हणजे सुटलास!" म्हातारा हसला. "करा म्हणावं आता सिद्ध!"

"कसला सुटलोय, बाबा?" पोरगा जाळीला येऊन चिकटला. "गर्दी पांगवायला मी हवेत गोळी झाडली होती. पिस्तूल तपासा म्हणून मीच पोलिसांच्या मागे लागलो. नेत्याला लागलेली गोळी माझी नाहीच, ओरखडे जुळलेच नसते. तेवढा एकच पुरावा होता माझ्याकडे."

"होता," वकील म्हणाला. "नळी कुणीतरी मुद्दाम आतून घासलीय, असं खाली लिहिलंय. सरकारी वकील नाचेल आता. ज्याने मारलं तोच घासणार, दुसऱ्या कुणाला काय पडलंय?"

म्हाताऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. "मी घासली," तो पुटपुटला. मग ओरडलाच, "अहो, मी घासली! कोर्टात सांगतो, साहेब! शपथेवर सांगतो!"

वकिलाने डोळे मिटून घेतले. पोरगा मात्र बापाकडे बघत राहिला. त्या नजरेत राग असता तरी बरं झालं असतं.

"सांगा," तो म्हणाला. "पण का घासली, म्हणून विचारतील. तेव्हा काय सांगाल, बाबा?"