सहावा नकार

"परत तेच!" नंदितानं लॅपटॉप धाडकन मिटला. "परीक्षेत पास, आणि मुलाखतीआधीच 'क्षमस्व'. ही बंगळूरची सहावी कंपनी, अप्पा."

सुरेंद्रनं लेकीपुढे कॉफी ठेवली. "हजारांत दहा घेतात म्हणे. ते दहा तरी खरंच घेतात का, देव जाणे!" तो करवादला.

दोन वर्षं हेच चाललं होतं. नंदिता तंजावूरच्या एका शाळेत हंगामी कॉम्प्युटर शिक्षिका होती. वर्गात फोन नेता येत नसे, म्हणून सगळ्या अर्जांत तिनं वडिलांचा नंबर दिलेला. सुरेंद्र निवृत्त माणूस. फोन सदऱ्याच्या खिशात घालूनच तो देवळात जायचा. अंघोळीला गेला तरी न्हाणीच्या दाराशी ठेवायचा. पण नंदिताला विचारणारा एकही फोन आला नाही.

आता शाळेनं कायमची जागा देऊ केली होती. अट एकच, तीन वर्षं सोडून जायचं नाही. होकार आज पाचच्या आत कळवायचा होता. साडेचार वाजून गेले होते.

"सातव्या कंपनीची परीक्षाही पास झालेय," नंदिता हळूच म्हणाली. "थांबू का अजून?"

"सातवीनं नाक मुरडलं की आठवी!" स्वयंपाकघरातून तिची आई, भामा ओरडली. "अगं, लग्नाची स्थळंसुद्धा इतकी नाचवत नाहीत!"

नंदिताला हसू आलं आणि मग रडूच कोसळलं. "तुम्हीच सांगा, अप्पा."

तिनं बंगळूर गाठावं, असं सुरेंद्रला फार वाटायचं. पण पोरीचं हे झिजणं आता बघवत नव्हतं.

"पुरे. ज्यांना साधा एक फोन करवत नाही, त्यांच्या दारात किती उभं राहायचं? शाळेला हो म्हण."

तिनं शाळेचा फॉर्म भरला, डोळे मिटून बटण दाबलं. लगेच पोच आली.

सुरेंद्रनं चष्मा लावून ती वाचली. "नंदिता सुरेंद्र? माझं नाव कशाला?"

"आडनावाचा रकाना रिकामा चालत नाही. आपल्या इकडे कुठं आडनाव लावतात? मग तुमचंच घालते."

"त्या कंपन्यांच्या अर्जांतही?"

"सगळीकडे. का?"

सुरेंद्र खुर्चीत बसला.

"बंगळूरहून बायका विचारायच्या, 'इज धिस सुरेंद्र?' मला वाटायचं, क्रेडिट कार्डवाल्या. पुढचं ऐकूनच घेत नसे. 'वेंडाम, नको' म्हणायचो आणि ठेवून द्यायचो," तो म्हणाला. "आज सकाळीही असाच एक फोन आला होता."