मनातल्या मनात वाचावे

वाचन मॅरेथॉनच्या हॉलमध्ये ‘मनातल्या मनात वाचावे’ अशी पाटी होती. रेवा मांडीवर झोपलेली, म्हणून धीर करून बसले. ती झाल्यापासून माझं एकही पुस्तक संपलं नव्हतं. आज ही रहस्यकथा पुरी करायचीच, असं ठरवून आले होते.

इन्स्पेक्टरनं सगळ्या संशयितांना एका खोलीत बसवलं आणि नेमकी रेवा उठली. खुळखुळा झाला, दूध झालं, थोपटून झालं; रडं थांबेना. माना वर होऊ लागल्या. माझे कान तापले. घरी ती वाचण्याच्या आवाजानं शांत होते, म्हणून मी तिच्या कानाशी हळूच वाचू लागले. विषाची बाटली, माळ्याची साक्ष, सगळं. तान्ह्या लेकीला खून वाचून दाखवणारी आई, लोक काय म्हणतील? पण ती टकामका बघत गप्प झाली.

पान उलटताना वर पाहिलं. शेजारच्या आजोबांचं पुस्तक मिटलेलं. पुढे बसलेल्या कॉलेजच्या मुली मागे वळलेल्या. आणि ग्रंथपाल देवस्थळीबाई माझ्याकडेच येत होत्या.

“सॉरी मॅडम, निघतेच मी,” मी दुपटं गोळा करत म्हणाले.

“निघता कुठं?” बाईंनी रेवाला उचलून घेतलं. “खुनी कोण ते कळल्याशिवाय उठायचं नाही. आणि जरा मोठ्यानं वाचा, मागे ऐकू येत नाही.”

“माळीच असणार,” आजोबा पुटपुटले.

“आजोबा, वाचू द्या हो त्यांना,” मुली म्हणाल्या.

मी घसा खाकरला आणि शेवटचं प्रकरण उघडलं.