पाठीवर तरंगण्याचा तास

"पाय वर, हनुवटी वर, आणि तोंड बंद," पोहायला शिकवणारे मास्तर म्हणाले.

पाळकसाहेबांना पहिल्या दोन गोष्टी जमत होत्या. तिसरीच्या नावाने मात्र बोंब होती. चर्चमध्ये तीस वर्षं ते बोलत आले आणि बाकीचे ऐकत आले. इथे आडवं पडायचं, पाठीखाली मास्तरांचा तळहात, आणि तोंड उघडलं की घशात क्लोरीनचं पाणी. वाद जिंकायला मास्तरांना याहून सोयीचं काय हवं?

मास्तरांच्या आईनेच पाळकसाहेबांना गळ घातली होती. "माझ्या मुलाचं तेवढं तारण होऊ द्या, म्हणजे मी सुखाने डोळे मिटते." मास्तर काही चर्चची पायरी चढायचे नाहीत. तेव्हा वयाच्या एकसष्टाव्या वर्षी पाळकसाहेबच रबरी टोपी घालून पाण्यात उतरले. मास्तरांनी हे कारस्थान पहिल्याच दिवशी ओळखलं आणि खुशाल चालू दिलं. शहाऐंशी वर्षांची आई आज काठावरच्या बाकावर, मांडीवर पिशवी घेऊन, कुठवर आलंय ते बघायला बसली होती.

"मला सांगा," मास्तर म्हणाले, "कोणी बुडायला लागलं की मी सरळ उडी मारतो. 'माझ्यावर विश्वास आहे का रे बाबा?' असं विचारत बसत नाही. तुमचा देव आधी तेच का विचारतो?"

पाळकसाहेबांकडे उत्तर होतं. चांगलं लांबलचक उत्तर होतं. त्यांनी तोंड उघडलं आणि गुळण्या करतच उभे राहिले.

"देव हात पुढे करतोच," खोकला आवरल्यावर ते म्हणाले. "माणसाने तो धरायला नको?"

"बुडणारा कुठला हात धरतोय! लाथा मारतो, बोचकारतो. त्याला तसाच ओढून काढावा लागतो, साहेब. झोपा परत."

ते मुकाट्याने झोपले. खरं सांगायचं तर त्यांना मजा येत होती. एरवी त्यांच्याशी कोणी भांडतच नसे. लोक 'आमेन' म्हणत आणि जेवायला घरी जात.

"बरं, ते सोडा," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज या काठापासून त्या काठापर्यंत जायचा; मनातली गोष्टसुद्धा त्यांना हळू सांगता येत नसे. "जन्मभर लोकांना छळलेला माणूस शेवटच्या घटकेला 'चुकलो' म्हणतो आणि स्वर्गात जातो. आणि आमचे बाबा? शेजारच्या आजारी म्हाताऱ्याला दोन वर्षं रोज स्वतःच्या हाताने भरवलं त्यांनी. पण देव मानला नाही, म्हणून त्यांना दार बंद! हा कुठला न्याय?"

बाबा पाळकसाहेबांच्या चांगल्या ओळखीचे होते.

"मी काही यातलं मानत नाही. मेलं की संपलं. पण समजा, तुमचंच खरं निघालं. तर बाबा एकटे बाहेर आणि मी आईबरोबर आत? छे, नाही जमायचं. बाबांच्या सोबतीला कोणीतरी नको?"

बाक करकरला. कमरेत वाकलेली आई काठी टेकत काठाशी आली. पाळकसाहेब घाईने उभे राहिले. मास्तर मात्र तसेच, पाण्यात हात पसरून थिजले.

"हे मला का नाही रे सांगितलंस कधी?" ती म्हणाली. "मला इतकी वर्षं वाटायचं, तुला माझ्यासोबत यायचंच नाही."

"आई, तसं नाही गं..."

"कळलं, कळलं." तिने पदराने डोळे पुसले, नाक पुसलं आणि ती चक्क हसली. किती दिवसांनी तिला इतकं बरं वाटत होतं! मग ती पाळकसाहेबांकडे वळली. पाळकसाहेबांनी मनाची तयारी केली. शास्त्रात आहे ते सांगावं, की म्हातारीला धीर द्यावा?

"पाळकसाहेब, मी तर आत जाणार ना?"

"तुम्ही? तुम्ही नक्की, मावशी."

"मग एवढंच सांगा. त्या दाराची आतली कडी माझ्या हाताला येईल ना?"