निर्मळ हात

संचालकपदाच्या उमेदवारांना आजपासून मत्सरमापकात हात घालावा लागणार होता. तळहातातून झिरपणारा, डोळ्यांना न दिसणारा उजेड मोजून ते यंत्र माणसाची जळफळ सांगे. ते डॉ. हेमांगी साबडे यांनी घडवलं होतं, आणि आजवर दुसऱ्या कुणाचा हात त्याला लागू दिला नव्हता. आता त्या स्वतःही उमेदवार होत्या, आणि समोर दुसरा उमेदवार म्हणून त्यांच्याच हाताखाली शिकलेला श्रीरंग बसला होता.

बाईंनी हात घातला. काटा शून्यावर थांबला. त्यांनी मान ताठ केली.

श्रीरंगने हात घातला. काटा शून्याच्याही पार खाली गेला.

"यंत्र बिघडलंय, बाई," निवड समितीचे अध्यक्ष हसले.

"माझं यंत्र बिघडत नाही!" बाई फणकारल्या. "शून्य ठरवायला निर्मळ हात लागतो. मी माझाच ठेवला होता."

"कधी?" अध्यक्षांनी विचारलं.

तारीख बाईंच्या ओठांवर येऊन थिजली. त्या दिवशी श्रीरंगला पहिला पुरस्कार मिळाला होता. सभागृहातल्या टाळ्या ऐकवेनात म्हणून त्या प्रयोगशाळेत येऊन बसल्या होत्या.

त्याला सहा वर्षं झाली. त्यांचा काटा तसूभरही हलला नव्हता.