उंबरठा नसलेलं घर

“उंबरठा तोडला? आई, तू?”

अकोल्याहून गाडी घेऊन आलेला मनोज दारातच थबकला. अमरावतीच्या याच घरात तो लहानाचा मोठा झाला होता. दुर्गाबाई रोज पहाटे अंघोळ करून त्या उंबरठ्याला हळदकुंकू वाहत, मगच चहाचं आधण ठेवत. आता तिथं सिमेंटचा गुळगुळीत उतार होता. पूजा मात्र चुकली नव्हती. उतारावर ओल्या कुंकवाचा जाड पट्टा ओढलेला होता.

“जाता-येता अडत होतं,” दुर्गाबाई हळूच म्हणाल्या.

“घरची लक्ष्मी बाहेर जाते म्हनत होती ना तू?”

“जाईन. अन् परतही येईन.”

मनोज कुंकू ओलांडून आत आला. स्वयंपाकघराचा ओटा मांडीइतका खाली आणलेला पाहून तो हसला. “हे काय, भातुकली मांडली का?”

“दादा, आल्या आल्या टोमने! पानी त पी,” खिडकीशी तुरीच्या शेंगा सोलत बसलेली त्याची बहीण संध्या म्हणाली.

विद्यापीठातली प्रियदर्शनी आधीच येऊन बसली होती. एकट्या माणसाला घरात सुखरूप राहता यावं, यावर तिचं संशोधन चाललं होतं. महिनाभरापूर्वी तिनं या घरात यंत्रं बसवली. गॅस आपोआप बंद व्हायचा, दार आवाजानं उघडायचं, पडलं की हातातला पट्टा शेजारी फोन लावायचा. आज निकाल होता. निकाल उलटा लागला तर घराला कुलूप आणि बिऱ्हाड अकोल्याला, असं मनोजनं बजावलं होतं.

“मॅडम, यंत्राचं राहू द्या,” तो म्हणाला. “एकटी बाई. न्हानीत पडली त कोन उचलीन?”

“या महिन्यात दोनदा पडणं झालं,” प्रियदर्शनी म्हणाली.

“पाहा!”

“दोन्ही वेळा शेजारी पोचायच्या आत उठणंही झालं. कुणाचा हात न धरता.”

दुर्गाबाईंनी डोळे मिटले. हा महिना त्यांच्या सगळ्या व्रतांत कडक गेला होता. दिवसभर मागच्या खोलीत जप, आणि काही झालं तरी माळ पुरी झाल्याशिवाय उठायचं नाही, असा नेम त्यांनी धरला होता. एकदा स्वयंपाकघरात पातेलं दणकन आपटलं. त्यांनी माळ मुठीत आवळली, पण त्या उठल्या नाहीत.

“लोक काय म्हनतीन?” मनोजचा आवाज चढला. “पोरगा धडधाकट असून एकटी सोडली!”

“लोकायले म्हना, शेंगा सोलाले या,” संध्या म्हणाली.

“तू चूप बस, संध्ये. आई, मले भेव वाटते गं. म्हनून म्हनतो.”

“मलेही वाटते,” दुर्गाबाई म्हणाल्या. “भेवाच्या पायी कोनाले कोंडून ठेवाचं का? देवानं जीव देला त जगू द्या ना त्याले.”

एवढ्या हळू बोलणाऱ्या बाईपुढे ओरडायचं तरी कसं? मनोज प्रियदर्शनीकडे वळला.

“निकाल?” त्यानं शेवटी विचारलं.

“राहता येईल. एकटीनं,” प्रियदर्शनी म्हणाली.

“मी खोली रंगवून ठेवली. गाडीची मागची सीट मोकळी करून आलो. आता काय रिकामा जाऊ?”

“रिकामा जा म्हनून कोन म्हनते?” दुर्गाबाईंनी दारामागून पिशवी उचलली. माळ, पोथी, दोन लुगडी. आधीच भरून ठेवलेली होती. त्या कुंकू ओलांडून उतरल्या आणि गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

“काढ गाडी.”

मनोज मागचं दार उघडं धरून उभाच राहिला.

दुर्गाबाईंनी काच खाली करून मागे पाहिलं. निरोप द्यायला उतारावरून संध्याची चाकाची खुर्ची कुणाच्या हाताशिवाय खाली आली, आणि ओल्या कुंकवाच्या दोन रेघा फाटकापर्यंत ओढत गेली.