ओठ मिटणारा शब्द

सुनेनं शेवटची बॅग काट्यावर ठेवली. सासऱ्यांनी, म्हणजे काटाशेठांनी, सवयीप्रमाणे आधी चष्मा पुसला, मग काटा पाहिला.

दुकान भंगाराचं. या काट्यावर आजवर लोकांचे संसार आले ते मोडून: पलंगाचे पाय, शिवणयंत्रं, पाळण्याच्या कड्या. बांधलेला संसार आज पहिल्यांदाच आला होता, आणि तोही स्वतःच्या मुलाचा. मुलगा, सून आणि चार वर्षांची नात समुद्रापलीकडच्या लोकांत राहून सुवार्ता सांगायला निघाले होते. परत कधी यायचं, ते ठरलेलं नव्हतं.

विमानात चालेल त्याहून जास्त वजन भरलं नाही. उलट काटा इतका अलीकडे थांबला की काटाशेठांनी त्याला टिचकी मारून पाहिली. तो हलला नाही. तिघांचं सगळं आयुष्य, आणि एका गंजक्या कपाटाइतकंही जड नाही!

काटाशेठ देवाला मानत, पण रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून प्रवचनसुद्धा तोलून घेत. मुलाचा निर्णयही त्यांनी महिनोन्‌महिने तोलला होता. खोट सापडली नाही, याचाच त्यांना थोडा राग होता. सलत होता तो एक शब्द. अलीकडे मुलाचं प्रत्येक वाक्य 'आम्ही'नं सुरू होई. आम्ही ठरवलंय. आम्ही शिकतोय. आम्ही निघतो. आपण पत्रे बदलू, आपण नवा काटा घेऊ, असं म्हणत मोठा झालेला पोरगा; बापाला मधल्यामधे कधी खाली उतरवून ठेवलं, ते त्याच्या गावीही नव्हतं.

गाडी यायला वेळ होता. अशा वेळी कुणीतरी बोलावं लागतं, म्हणून सून बोलली. रस्ता ओलांडताना नवऱ्याची बाही धरणारी ही मुलगी, आता परक्या भाषेतल्या गमती सांगत होती. तिकडेही म्हणे 'आम्ही' वेगळं आणि 'आपण' वेगळं, अगदी आपल्यासारखं. दोन्ही शब्द जुळे भाऊ, फरक काय तो शेपटाला. मागच्या आठवड्यात तिकडची मंडळी व्हिडिओ कॉलवर जमली, तेव्हा ह्यांनी उभं राहून पाठ केलेलं पहिलं वाक्य म्हटलं, आणि नेमका भलता भाऊ पुढे केला. देव आमच्यावर प्रीती करतो, असं झालं ते. मंडळींनी शांतपणे माना डोलावल्या. एक म्हातारी ह्यांच्या पोटाकडे बघून म्हणाली, दिसतंय बाबा, चांगली अंगी लागलीय.

मुलगा ओशाळून हसला. काटाशेठही हसले, पण त्यांचं हसू मध्येच थांबलं.

"म्हणजे एवढा समुद्र ओलांडून हेच सांगणार? देव आमचा, तुमचं तुम्ही बघा?"

"चुकलं होतं, पप्पा. सुधारलंय मी ते."

"तिकडचं सुधारलंस. इकडचं?"

मुलाला कळेना. काटाशेठ काट्याच्या पत्र्यावरची नसलेली धूळ झटकू लागले. वर न बघताच त्यांनी विचारलं, "तुझ्या त्या 'आम्ही'त मी आहे का रे?"

मुलानं तोंड उघडलं. परक्यांचं सांत्वन कसं करायचं, याचं रीतसर शिक्षण घेतलेला माणूस. तो खिशातली तिकिटं पुन्हा मोजू लागला. सुनेनं बॅगेचा पट्टा उगाच आवळला.

नात बॅगेवर बसून हे सगळं ऐकत होती. आजोबांचा धडा अडलाय, एवढंच तिला समजलं. ती खाली उतरली आणि त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली. सोप्पं असतं ते, ती म्हणाली. मग तिनं तिकडचा 'आम्ही' म्हणून दाखवला आणि तोंड तसंच उघडं ठेवलं, आतले दात दिसतील इतकं. नंतर तिकडचा 'आपण' म्हटला. या शब्दाच्या शेवटी ओठ घट्ट मिटत होते.

"म्हणा, आजोबा."

काटाशेठांनी म्हटलं. शेवट निसटला. तेव्हा तिनं दोन बोटांनी त्यांचे ओठ पकडले, आणि डब्याचं झाकण लावावं तसे मिटवले.

"आता आत सगळे," ती म्हणाली.

सगळा जन्म काट्यापाशी गेला होता. अंगावर काटा मात्र आज आला. या पोरीनं तो किनारा अजून पाहिलेला नव्हता. तिथल्या कुठल्या कुठल्या आज्यांनी आपापल्या नातवंडांचे ओठ असेच मिटवत हा शब्द पुढे दिला असेल, आणि तो चालत चालत एवढ्या लांब, या गंजक्या दुकानापर्यंत आला होता. तोलायला हातात काही नव्हतं, तरी काटाशेठांना आधारासाठी काट्याचा दांडा धरावा लागला.

बाहेर हॉर्न वाजला. बॅगा उचलल्या गेल्या. मोकळा झालेला काटा थरथरत शून्यावर आला. मुलगा जवळ येऊन वाकला. "पप्पा, आपण..." एवढंच म्हणाला. काटाशेठांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, नेहमीपेक्षा जड.

"जा. गाडी खोळंबलीय."

दारं लागली, काचा वर गेल्या. गाडी सुरू होताना नातीनं मागच्या काचेला नाक लावलं आणि ती काहीतरी एकच शब्द म्हणाली. इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येईना. काटाशेठांनी चष्मा पुसला आणि आयुष्यभर काट्यावर रोखली तशी नजर तिच्या तोंडावर रोखली.

ओठ मिटले होते.