थोरल्यानं पाडायचं, धाकट्यानं उचलायचं

दोघं भाऊ फाटले असते तर भीमण्णाचा सरळ दोन लाखांचा फायदा होता. थोरल्यानं पैसे मागितले की धाकट्याला दिले म्हणायचं, धाकट्यानं मागितले की थोरल्याकडं बोट दाखवायचं. कर्जाला कागद नव्हता. नऊ वर्षांपूर्वी मांडवाच्या धंद्यासाठी खजुरीच्या अंकुशरावांनी त्याला महिना शेकडा दोननं दोन लाख मोजून दिले होते, तेही तोंडी. म्हणून अंकुशरावांच्या घरी या दोघा पोरांची वाटणी बसली तेव्हा भीमण्णानं खुर्च्या-सतरंज्या टेंपोत घालून बिनभाड्याच्या आणल्या, आणि स्वतः शेवटच्या खुर्चीवर बसून भांडणाची वाट बघू लागला.

भांडण काही होईना. घराचे दोन भाग झाले. खताचं दुकान धनराजला गेलं, आळंदच्या रस्त्यावरचे प्लॉट बालाजीला. पद्धत जुनीच होती. थोरल्या धनराजनं वाटे पाडायचे, धाकट्या बालाजीनं आधी उचलायचं. पाडणाऱ्याचा हात त्यानं सरळ राहतो. पंचांतल्या गुरप्पाला जांभया यायला लागल्या. भीमण्णाचा जीव मात्र खाली-वर होत होता. हे दोघं असे गुण्यागोविंदानं उठले तर पहिल्या तारखेला चार हजारांचं व्याज पुन्हा चालूच.

शेवटची एक जोडी उरली. एका बाजूला विहिरीचं शेत, असं धनराजनं जाहीर केलं. भीमण्णा सावरून बसला. या विहिरीपायी दोघा भावांनी दोन वर्षं एकमेकांशी बोलणं टाकलं होतं, बायकांनी एकमेकींच्या दारचं हळदीकुंकू टाकलं होतं. आता पेटणार होतं.

"आन् दुसऱ्या बाजूला भीमण्णा," धनराज म्हणाला.

पाण्याला हाक मारली असेल म्हणून भीमण्णा उठून उभा राहिला. कुणी त्याला काम सांगितलं नाही. सगळे नुसते त्याच्याकडं बघत होते, बाजारात बघतात तसे.

"मला भीमण्णा," बालाजी म्हणाला. विचार करायलाही तो थांबला नाही.

धनराजचा चेहरा उतरला. धाकटा विहिरीला भुलेल आणि भीमण्णा आपल्याकडं राहील, असा त्याचा अंदाज होता. विहिरीसाठी दोन वर्षं जीव खाल्लास, आता ती सोडून हे कामून घ्यायलास, असं तो ओरडलाच.

"विहीर चैतात आटती, अण्णा. ह्यो आटत न्हाई."

ते खरं होतं. भीमण्णाच्या बायकोचं, शिवलीलाचं, ऑपरेशन झालं त्या महिन्यातही चार हजार पहिल्या तारखेलाच पोचले होते. धनराजनंच ते पंचांना सांगितलं, माल कसा आहे ते कळावं म्हणून. आणि सांगायला लाज वाटते, पण भीमण्णाला क्षणभर बरं वाटलं. दोन भाऊ आपल्यासाठी तावातावानं भांडतात, एवढा मान त्याला स्वतःच्या लग्नातही मिळाला नव्हता.

मग धनराजनं तोड काढली. भीमण्णा तू घे, पण बंटी माझ्याकडं राहील.

बंटी म्हणजे भीमण्णाचा एकुलता एक. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होता. गेल्या महिन्यात मोबाइलसाठी त्यानं धनराजकडून तीस हजार उचलले होते, त्याच शेकडा दोननं. बापाला हे आत्ता कळत होतं. बालाजी काही ऐकेना. बाप मला दिल्यावर पोरगं तुझ्याकडं कसं, असा त्याचा सवाल. कॉलरी धरल्या गेल्या, एक खुर्ची मोडली, पंच उभे राहिले. अंकुशराव तेवढे बसून होते. त्यांनी पान थुंकलं आणि निवाडा दिला.

"म्हैस ज्याची, रेडकू त्याचं."

हे सगळ्यांना पटलं. धनराजनं कॉलर सोडली, बालाजीनं शर्ट सारखा केला. गुरप्पानंही मान डोलावली.

 भीमण्णा गुरप्पापुढं जाऊन उभा राहिला. गुरप्पा दिवाळीपासून जावयासाठी त्याचा टेंपो मागत होता. शेवटचा भाव काय, असं भीमण्णानं विचारलं. गुरप्पा गडबडला, पण दोन तीस म्हणाला. भीमण्णानं खिशातून चावी काढून त्याच्या हातात ठेवली. दोन लाख ज्यांनी मोजले त्या अंकुशरावांना द्या, वरचे तीस हजार धनराजला द्या आणि दोन्ही कर्जं फिटली असं सगळ्यांनी इथंच तोंडानं म्हणा, असं त्यानं पंचांना सांगितलं. 

अंकुशराव पहिल्यांदा खुर्चीतून उठले.

"एवढी घाई कामून करायलास, लेका? मी तुला मुद्दल कधी मागितलं का?"

"त्येच की, मालक. नऊ वर्षांत एकदाबी न्हाई मागितलं."

पंच एकेक करून म्हणाले, फिटलं. बालाजीला आता विहीर हवी होती. धनराज हसला आणि म्हणाला, उचललं ते उचललं.

संध्याकाळी खुर्च्या हातगाडीवरून निघाल्या. मागून ढकलायला बंटीला बोलावून घेतलं होतं. टेंपो कुणी विकतं का, लोक काय म्हणतील, माझे मित्र बघतील, असं त्याचं सुरू झालं.

हिशेब असा लागला. भीमण्णाचे व्याजात चार लाख बत्तीस हजार गेले, वर टेंपो गेला. बालाजीची विहीर गेली. बंटीची दमडीही गेली नाही आणि सगळ्यात जास्त कुरकुर केली ती त्यानं. भीमण्णानं ती घरापर्यंत कान भरून ऐकली.